जुन्या दुचाकीचे कागद आणि तपासणी

खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे परिवहन कार्यालयात गाडीची प्रत्यक्ष तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, हे ठाऊक असूनही कोल्हापुरात 'कागद नंतर करून देतो' या बोलीवर जुन्या मोटारसायकली सर्रास विकल्या जातात. ग्राहक चकाकणारी टाकी आणि फायरिंगचा आवाज पाहून भुलतो. आपल्याकडे बुलेटच्या आवाजापुढे कागदांना कोण विचारतो! वास्तविक नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येतो. हँडलखालच्या मानेवर ठोकलेला चासी क्रमांक चिंधीने पुसून आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. तेथे घासल्याच्या खुणा दिसल्यास व्यवहार तिथेच थांबवावा. पीयूसी केवळ धुराची तपासणी असते, ब्रेक किंवा फ्रेमची नव्हे. शिवाय 2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांबाबत आरसी काहीच सांगत नाही, म्हणून वायरिंगचे जोड व सीटखालचा गंज ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घेणे आवश्यक आहे. नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षकांना कोणते दोष आढळले व ते दूर झाले की नाही, ही माहितीही खरेदीदारास त्याच अ‍ॅपवर उपलब्ध करून देण्याचा विचार परिवहन विभागाने करावा.

— एक वाचक, कोल्हापूर