‘कान्टुस’ कशी ऐकावी

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

‘सूर नुसते खाली घसरतात, पुढे काही होतच नाही’ असं तू एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्टच्या ‘कान्टुस’बद्दल लिहिलंस. १९७७ची, इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या स्मरणार्थ केलेली ही रचना. तारवाद्यं आणि एक घंटा, बस. ए मायनर या पाश्चात्य स्वरसप्तकाचा अवरोह सगळेच गट वाजवतात. गंमत लयीत आहे. सगळ्यांत खालच्या सुरांचा डबल बास ठाय, म्हणजे संथ लयीत धरला तर चेलो दुपटीत, व्हिओला चौपटीत, दुसरी व्हायोलिनं आठपटीत, पहिली सोळापटीत, आणि हे सगळं एकाच वेळी!

पहिल्याच फेरीत सगळं पकडायला जाऊ नकोस. आधी फक्त वरची व्हायोलिनं धर, मग व्हिओला. बाकी प्रत्येक गटाचे दोन भाग आहेत: एक अवरोह करतो, दुसरा ए, सी, ई एवढ्याच सुरांवर फिरतो. व्हिओलाला असा जोडीदार नाही. बास शेवटी ऐक, पण फोनच्या स्पीकरवर नको. डबल बासची खालची तार ४१ हर्ट्झची, तो स्पीकर तिथवर पोचतच नाही. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घे, पंखा बंद कर.

सुरुवातीला आवाज फार बारीक आहे म्हणून लोक आवाज वाढवतात आणि पुढे कान फुटायची वेळ येते. त्याऐवजी थेट चौथ्या मिनिटाला जा, तिथे सोसेल तेवढा आवाज लाव आणि मग पहिल्यापासून ऐक. आवाजाचा ‘नाइट मोड’ बंद ठेव. तो हळू-मोठ्यातला फरकच पुसतो, आणि इथे सगळी मजा त्या चढण्यात आहे. एका ट्रॅकच्या शेवटात पुढचा मिसळणारा क्रॉसफेड शून्यावर, ऑटोप्ले बंद.

हे शेवटासाठी फार गरजेचं. तारवाद्यं भरात असताना घंटेचा शेवटचा टोल इतका हलका पडतो की आघात कळतच नाही. वाद्यं थांबली की नाद उरतो, आणि त्यात सी शार्प उमटतो. ए हा षड्ज मान: इतका वेळ कोमल गांधार ऐकलास, आता शुद्ध! तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार तो हाच. पुढचा ट्रॅक सुरू झाला तर नेमका हाच जातो.

रेकॉर्डिंग १९८४च्या ‘टॅब्युला रासा’ या ईसीएम कंपनीच्या अल्बममधलं घे: श्टुटगार्टचा ऑर्केस्ट्रा, संचालक डेनिस रसेल डेव्हिस.

हे अंगवळणी पडलं की पोलिश संगीतकार गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी ऐक. तिथे उलट, बास आधी सुरू होतात आणि सूर खालून वर चढत जातात. पहिला भागच पंचवीसेक मिनिटांचा आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी लाव. दुसऱ्या भागातले शब्द गेस्टापोच्या कोठडीच्या भिंतीवर एका अठरा वर्षांच्या मुलीने लिहिलेले आहेत. त्यांचा अर्थ आधी वाचून घे.

तुझा,
बाबा