मुलांच्या नाट्यसंस्थांना नवे विश्वस्त हवेत: धर्मादाय आयुक्तांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: मुलांना व तरुणांना नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये नवे विश्वस्त यावेत, यासाठी आपल्या कार्यालयाचे साहाय्य मिळण्याबाबत.

महोदय,

सोलापुरात मुलांना नाटक शिकवणाऱ्या संस्थेला अडचण विचारली, तर पहिले उत्तर पैशाचे येते आणि दुसरे तालमीच्या जागेचे. दोन्ही खरे आहे. पण संस्था बसते ती बऱ्याचदा माणसांवाचून. सात जणांचे मंडळ पंचवीस वर्षांपूर्वी नोंदवलेले असते. त्यातले दोघे आज हयात नसतात, एक जण मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले असतात, एकांना जिना चढवत नाही. उरलेल्या तिघांत गणपूर्ती होत नाही. सभा नाही म्हणून ठराव नाही, ठराव नाही म्हणून बँकेत सह्यांचा बदल नाही, आणि शिबिराच्या फीचे पैसे खात्यात असूनही काढता येत नाहीत. आयकराच्या पोर्टलचा ओटीपी दिवंगत खजिनदारांच्या मोबाइलवर जात राहतो. मुले मात्र ठरल्या वेळी तालमीला येऊन उभी असतात.

विश्वस्त शोधण्याची आजची रीत म्हणजे ओळख. अध्यक्षांचे व्याही, ओळखीचे डॉक्टर, एखादे माजी नगरसेवक. त्यांना सांगितले जाते, "नुसते नाव द्या, तुम्हाला काही करावे लागणार नाही." सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होते. काही करायचे नाही असे ऐकून आलेला माणूस सभेला येत नाही, आणि पहिली सरकारी नोटीस हातात पडली की राजीनामा देतो. खरे काम सांगून माणसे मागितली तर कमी येतील, पण आलेली टिकतील.

ते काम एका पानात लिहिता येते. वर्षाला सहा सभा, महिन्याला आठ-दहा तास, मानधन नाही. एप्रिल-मेमध्ये शिबिर, तेही सकाळी सात ते दहा, कारण त्यानंतर सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली मुलांना नाचवणे धोक्याचे. जूनपासून शाळांमधले वर्ग, ३० सप्टेंबरपर्यंत लेखापरीक्षण अहवाल, पुढे बालनाट्य स्पर्धांची तयारी. यातले कोणते काम कोणाच्या गळ्यात, हे त्या पानावर असले की माणूस शोधणे सोपे होते. हिशेबाला निवृत्त बँक अधिकारी चालतो. ट्रस्टचे कागद हाताळलेला एक वकील, एक मुख्याध्यापक किंवा शिक्षिका, मुलांच्या मानसिक आरोग्याची जाण असलेली एक व्यक्ती, रंगमंचाची तांत्रिक बाजू कळणारा एक, एक पालक आणि अठरा वर्षे पूर्ण झालेला एक माजी विद्यार्थी. सात पुरे होतात. अकराच्या वर गेले की सभेची तारीखच जुळत नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पूर्व भागातले मूल घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडून आलेले कन्नड, आणखी कोणी उर्दू. महापालिकेच्या शाळाही या भाषांच्या माध्यमांतून चालतात. मंडळावर सगळे एकाच पेठेतले, एकाच भाषेचे आणि साठीच्या पुढचे असतील, तर विडी कामगाराच्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या घरापर्यंत संस्था पोहोचत नाही. त्या घरातली आई मुलीला संध्याकाळच्या तालमीला कोणाच्या भरवशावर पाठवणार, हे मंडळावर तिच्या वस्तीतले कोणी असल्याखेरीज कळत नाही. म्हणून कामाचे ते पान जाहिरात म्हणून मराठी धरून चारही भाषांत काढावे. नाट्यगृहाच्या फलकावर ते लावावेच, पण वाचनालये, शाळांचे पालक मेळावे, लेखापालांची कार्यालये आणि यंत्रमाग कारखान्यांची फाटके इथेही लावावे. महिनाभर तरी ते राहू द्यावे.

अर्ज आला की लगेच ठराव करू नये. उमेदवाराने दोन सभांना निमंत्रित म्हणून बसावे आणि एक तालीम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी. शेवटची वीस मिनिटे फार बोलकी असतात. रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, दाराशी वही असते: मुलाचे नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, नेणाऱ्याचे नाव, सही. वीस मुलांपैकी एका ओळीत सही नसते. ती वही उमेदवारासमोर ठेवावी आणि काही न बोलता थांबावे. जो विचारतो, "याला नेले कोणी?", तो मंडळावर हवा. जो वही मिटून नाटकाचे कौतुक करतो, त्याला आश्रयदाता सभासद करावे. तिकडेही गरज असते.

मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी बहुतेक संस्था आता करून घेतात, विश्वस्तांची राहून जाते. दोन्ही व्हायला हवी. नव्या विश्वस्ताला पहिल्याच दिवशी सांगावे की पोक्सो कायदा, २०१२ अन्वये मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणे कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. "संस्थेचे नाव जाईल, आपसात मिटवू" असे म्हणणारा विश्वस्त मुलाला आणि संस्थेला दोघांनाही बुडवतो.

हितसंबंधांचा प्रश्न नाटकाच्या क्षेत्रात फार लवकर येतो. प्रकाशयोजनेचे सामान, ध्वनियंत्रणा, वेशभूषा भाड्याने देणारा माणूस हमखास नाटकवेडा असतो आणि मंडळावर यायला तयारही असतो. त्याने सवलतीत सामान दिले तरी ते लिहून जाहीर करावे, त्या विषयापुरते सभेतून बाहेर जावे, मत देऊ नये, आणि तीन दरपत्रके फाइलला लावावीत. विश्वस्ताला संस्थेच्या पैशातून गैरवाजवी लाभ झाल्याचे दिसले तर आयकराची सवलत धोक्यात येते. मानधन घेऊन शिकवणारा दिग्दर्शक शक्यतो विश्वस्त नसावा, निमंत्रित म्हणून जरूर बसावा. आणि विश्वस्तांनी कोणते नाटक करायचे, प्रमुख भूमिका कोणाला द्यायची यात पडू नये. निवडीची रीत मंडळाने मंजूर करावी, निवड नव्हे. विश्वस्ताचा नातू नायक झाला यावरून झालेली भांडणे सर्वसाधारण सभेत वर्षानुवर्षे चालतात.

आता आपल्या कार्यालयाशी थेट संबंध असलेला भाग. नवा विश्वस्त निवडला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. २०१७ च्या दुरुस्तीने १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मंजुरी आणि ३० दिवसांत हरकती मागवण्याची सोय झाली, ती फार चांगली आहे. तिचा फायदा लहान संस्थांना मिळत नाही, कारण त्यांचा अर्ज मुळातच अपुरा असतो. चुका त्याच त्या असतात. घटनेत सभेची सूचना पंधरा दिवस आधी म्हटलेले असते आणि ती आठ दिवस आधी निघते. सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि ती प्रत्येकाला मिळाल्याचा पुरावा कोणी ठेवत नाही. इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांची नावे असतात, हजेरीच्या सह्या नसतात. ठरावात एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग. गेलेल्या विश्वस्ताचा मृत्यूचा दाखला, राजीनामा दिलेल्याचे पत्र, नव्याचे संमतीपत्र यांतले एक हमखास नसते.

याहून अवघड गाठ जुन्या अर्जांची असते. आधीच्या मंडळाचा बदल अर्ज प्रलंबित असतो, त्यामुळे शेड्यूल एकवर, म्हणजे आपल्या कार्यालयातल्या संस्थेच्या अधिकृत नोंदीवर, नावे त्याच्याही आधीच्या मंडळाची. ज्यांनी नवा विश्वस्त निवडला त्यांचीच निवड नोंदीवर नाही, म्हणून त्यांच्या सभेवर हरकत घेता येते. बँक शेड्यूल एकचा उतारा मागते, देणगीदार कंपनी तोच मागते. तीस वर्षांची तरुण लेखापाल उत्साहाने मंडळावर येते आणि दोन वर्षे तिला धनादेशावर सहीच करता येत नाही. मग ती येणे थांबवते, आणि आपण म्हणतो तरुणांना वेळ नसतो.

म्हणून आमची विनंती आहे की बालनाट्य, युवानाट्य आणि तशाच लहान सांस्कृतिक संस्थांचे एकामागून एक अडकलेले बदल अर्ज एकत्र सुनावणीस घ्यावेत, आणि त्यासाठी सोलापूर कार्यालयात तीन महिन्यांतून एक दिवस ठरवून द्यावा. त्या दिवशी अर्ज तपासून त्रुटी तिथल्या तिथे लिहून मिळाल्या, तरी निम्म्या फेऱ्या वाचतील. बदल अर्जासोबत लागणाऱ्या कागदांची साध्या मराठीतली यादी कार्यालयात आणि संकेतस्थळावर ठळक दिसेल अशी असावी.

दुसरी विनंती जबाबदारीविषयी. चांगली माणसे मंडळावर यायला घाबरतात, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही. विश्वस्ताच्या हलगर्जीने संस्थेचे नुकसान झाले तर चौकशीनंतर कलम ४१ प्रमाणे ते त्याच्याकडून वसूल करता येते. हे लपवून माणूस आणू नये. पण ज्याने सभेला येऊन हिशेब मागितला, चुकीच्या ठरावाला विरोध करून तो इतिवृत्तात नोंदवून घेतला, त्याची बाजू भक्कम असते, हेही कोणीतरी अधिकाराने सांगायला हवे. दोन पानांची "नव्या विश्वस्तासाठी माहिती" आपल्या कार्यालयाच्या नावाने निघाली तर आमच्या दहा भाषणांपेक्षा तिचे वजन जास्त असेल.

तिसरी, मुदतीविषयी. नमुना नियमावलीत विश्वस्ताची मुदत तीन वर्षांची, सलग दोनदाच, आणि दरवर्षी एक तृतीयांश निवृत्त, असा पर्याय सुचवावा. सगळे एकदम बदलले की सभेची जुनी वही कुठे आहे हेही कोणाला माहीत नसते. कोणीच बदलले नाही की वर वर्णन केलेली अवस्था येते.

आणि शेवटची, सगळ्यात कमी खर्चाची. सोलापूर कार्यालयात इच्छुक विश्वस्तांची एक नोंदवही ठेवावी. नाव, व्यवसाय, बोलता येणाऱ्या भाषा, महिन्याला देता येणारे तास, कोणत्या कामाची आवड, एवढेच रकाने. ज्या संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल वेळेवर दाखल झाला आहे, तिलाच त्यातून नावे मिळावीत. निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षिका, वकील, लेखापाल या शहरात भरपूर आहेत. त्यांना आजवर कोणी रीतसर विचारलेले नाही.

कामाचे ते एक पान, उमेदवाराला विचारायचे प्रश्न आणि तालमीच्या वहीचे रकाने यांचे नमुने मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत करून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. उन्हाळी शिबिरांची नोंदणी मार्चमध्ये सुरू होते. त्याआधी नोंदवही उघडली गेली, तर येत्या शिबिराच्या पहिल्या सकाळी काही मंडळांवर नवी माणसे बसलेली असतील.

आपले विश्वासू,
सोलापुरातील बालनाट्य व युवानाट्य शिक्षणाचे काम करणारे कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी: मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य