विंक्स अपराजित नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पानावरचा विंक्स या ऑस्ट्रेलियन घोडीवरचा लेख आवडीने वाचायला घेतला आणि शीर्षकातच ‘अपराजित’ या शब्दाला अडखळलो. अपराजित होती ती दुसरी ऑस्ट्रेलियन घोडी, ब्लॅक कॅव्हिअर: 25 पैकी 25 शर्यती जिंकलेली. विंक्स 43 वेळा धावली आणि 37 वेळा जिंकली. हरली त्या सहाही शर्यती तिच्या पहिल्या दहांतल्या. शेवटची हार एप्रिल 2015 मध्ये, सिडनीच्या रँडविकवर, ऑस्ट्रेलियन ओक्समध्ये, दुसरी आली. पुढच्याच महिन्यात सनशाइन कोस्टला जिंकली आणि 13 एप्रिल 2019 ला निवृत्त होईपर्यंत हरलीच नाही. लागोपाठ 33. पहिल्या दहांत सहा वेळा मार खाल्लेली वछेरी इथवर आली, हीच तर खरी गंमत, आणि ती त्या एका शब्दाने घालवली.

दुसरे, लेखात कॉक्स प्लेट या मेलबर्नच्या मोठ्या शर्यतीतल्या चार विजयांची (2015 ते 2018) यादी आहे, पण 2017 ची वॉरिक स्टेक्स ही शर्यत नाही. मला विचाराल तर विंक्स कळते ती तिथे. रँडविक, 1400 मीटर, म्हणजे दीड मिनिटाच्या आतला खेळ. फाटक उघडले, बाकीचे घोडे सुटले आणि ही आतच घुटमळली. बाहेर पडली तेव्हा सगळ्यांच्या मागे, मध्ये चांगलीच मोकळी जागा. इतक्या छोट्या शर्यतीत एवढे मागे पडलेल्या घोड्यावर कोणी पैसे लावत नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यात जॉकी ह्यू बोमनने तिला बाहेरून काढले आणि एकेक करत सगळे मागे पडले. शेवटी उरली फॉक्सप्ले, तीही विंक्सचे प्रशिक्षक ख्रिस वॉलर यांच्याच तबेल्यातली. तिला विंक्सने निसटत्या फरकाने गाठले. 2016 ची कॉक्स प्लेट तिने आठ लेंग्थने (म्हणजे आठ घोड्यांच्या लांबीच्या अंतराने) मारली होती, पण ती एकदा पाहून पुरते. ही मी किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही.

लेखातले ‘घोड्यांइतकेच वजन वाहून’ हेही बरोबर नाही. कॉक्स प्लेटसारख्या शर्यतींत घोडीला नरांपेक्षा पाठीवरच्या वजनात दोन किलोची सवलत असते. त्यांना 59 तर तिला 57. नियमच आहे तो, त्यात तिला कमीपणा नाही.

राहिला ‘परदेशात गेली नाही’ हा टोमणा. तो खरा आहे. इंग्लंडमधल्या रॉयल अ‍ॅस्कॉटच्या शर्यतींचा बेत 2018 मध्ये सोडून दिला गेला. पण ब्लॅक कॅव्हिअर 2012 मध्ये तिथे जिंकली ती जेमतेम, आणि स्नायूंना इजा करून घेऊन. विंक्सशी झुंजायला मग लोक तिच्या दारी आले: 2018 च्या कॉक्स प्लेटला दुबईच्या गोडॉल्फिन तबेल्याचा बेनबॅटल, शेवटच्या शर्यतीला जपानचा क्लुगर. दोघेही दुसरे. त्याच 2018 च्या जागतिक क्रमवारीत क्रॅक्समन या इंग्लंडमधल्या घोड्याच्या बरोबरीने पहिली जागा तिची होती.

तिची वछेरी 2024 मध्ये एक कोटी डॉलरला विकली गेली, हे लेखात आहे आणि बरोबर आहे. घेणारी विंक्सचीच एक भागीदार मालकीण होती, एवढे मात्र राहून गेले.

आपला,
एक नियमित वाचक