ईराच्या हातात माती दे

प्रिय मंदार,

पत्र मिळालं. नागपूरचं घर लागलं हे वाचून बरं वाटलं. पावसामुळे ईरा दिवसभर घरात अडकते, क्राफ्टचे तयार संच आणले तर ते तू आणि वहिनीच पूर्ण करता आणि ती नुसती बघत बसते, असं लिहिलंयस. माझं ऐकशील तर ते खोके माळ्यावर टाक आणि शाडू आण. चितारओळीत मूर्तिकारांकडे आता शाडूच शाडू असेल. श्रावण तोंडावर आलाय, आणि चार वर्षांच्या मुलीला झेपेल अशा क्रमानंच आपले सण एकामागून एक येतात.

आधी नागपंचमी. नाग म्हणजे नुसती एक वळी. तळहाताखाली माती पुढे-मागे लोळवायची, एक टोक जाड ठेवायचं, ते अंगठ्यानं दाबलं की फणा. वेटोळं घालायचं, डोळ्यांना ज्वारीचे दोन दाणे. (दाणे नाकात जात नाहीत ना, एवढ्यावर लक्ष ठेव.) पहिल्याच बैठकीत पुरं होणारं काम आहे हे, आणि सुरुवातीला तेच हवं असतं.

मग पोळा. बैलाला उभं राहायचं असतं, त्यामुळे खरी गंमत इथे आहे. गेल्या वर्षी आमच्या अमेयनं चार लांब, बारीक पाय केले आणि बैल पोटावर बसला. माझा हात पुढे जायला शिवशिवत होता, पण मी माझ्याच बैलाचं वशिंड थापत राहिलो. तो बराच वेळ बघत बसला. मग त्यानं चारही पाय उपटले, प्रत्येकाचा निम्मा भाग तोडला, उरलेला पुन्हा गोल केला आणि खाली दाबून बसवला. बैल उभा राहिल्यावर पठ्ठ्यानं जमिनीला गाल टेकवला आणि बैलाच्या पोटाखालून पलीकडे बघितलं! मी तिथे "थांब, मी करतो" म्हटलं असतं तर हे सगळं त्याच्या हातून निसटलं असतं. म्हणून एक नियम पाळ: तुझा गोळा वेगळा घे. तिच्या बैलाला हात लावायचा नाही, तिनं मागितल्याशिवाय सुचवायचंही नाही. तुझा बघून ती काय उचलायचं ते उचलेल.

जोड मात्र तिला शिकव, कारण ते आपसूक सुचत नाही. नुसता चिकटवलेला पाय वाळला की गळून पडतो. दोन्ही तोंडं काडीनं खरवडायची, मधे पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. माती आदल्या रात्री भिजव, कणकेइतकी मऊ मळ आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. केलेली वस्तू सावलीतच वाळवायची. ऊन किंवा पंखा लागला की वरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते आणि तडा जातो. तडा गेलाच तर त्याच मातीचा पातळ लगदा भरायचा, तेही तिलाच करू दे.

गणपती पोळ्याच्या आधीच करायला घ्या, वाळायला आठवडा तरी लागतो. पाट, मांडी, पोट, हात आणि सगळ्यात शेवटी डोकं. ते जड होतं, म्हणून मानेतून एक आखूड काडी घाल. रंगाला हळद आणि गेरू पुरेत. प्लास्टरच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. ते भिजवल्यावर तापतं, लहान हातांना भाजू शकतं, आणि घट्टही इतक्या लवकर होतं की मुलाला विचार बदलायला वेळच मिळत नाही. शाडूचं विसर्जन बादलीत होतं, आणि तळाशी बसलेली माती पुन्हा खेळायला मिळते.

वहिनी म्हणतात की संचांमध्ये निदान "शैक्षणिक" काहीतरी असतं. त्यांना ताराबाई मोडकांचं काम सांग. 1945 मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाड्यांचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, अनुताई वाघ बरोबर होत्याच. इटलीच्या मारिया माँटेसरींची बालशिक्षणाची पद्धत त्यांना मान्य होती, पण तिची महागडी साधनं खेड्यात आणि पाड्यावर कुठून आणणार? म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं असं भोवताली मिळेल ते त्यांनी मुलांपुढे ठेवलं. मला हे फार मोठं काम वाटतं. बी किंवा मातीचा गोळा मुलाला अमुकच कर असं सांगत नाही. खोक्यावर मात्र पूर्ण झालेल्या वस्तूचं चित्रच छापलेलं असतं.

मातीचा कंटाळा आला तर कागद. कात्री लगेच देऊ नकोस, आधी भरपूर फाडू दे. चिकटवायला मैद्याची खळ शिजव. आपल्या लहानपणी कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायचे, ते विषारी आहे, अजिबात घालू नकोस. खळ थोडी कर आणि दोन दिवसांत संपव.

तुमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून नेतात. ईराला तो दाखवायला जरूर ने, आणि तिचा मातीचा बैल ताटलीत ठेवून बरोबर घ्या. त्याचा फोटो पाठव, अमेय रोज विचारतोय.

वहिनींना नमस्कार, ईराला गोड पापा.

तुझा,
सुहास