मुकादमाची वही कोण तपासणार?

महोदय,

सक्तीच्या श्रमातून तयार झालेला माल अमेरिका १९३०च्या टॅरिफ कायद्यातील कलम ३०७ खाली अडवू शकते. २००१ मध्ये तिथल्या सीमाशुल्क खात्याने आयातदारांसाठी ‘सीटीपॅट’ ही ऐच्छिक योजना काढली, ती दहशतवादाच्या धास्तीने. आता त्यातल्या आयातदारांनी पुरवठादारांकडची वेठबिगारीही शोधावी, अशी अपेक्षा आहे. बदल्यात बंदरात तपासणीचा जाच कमी. युरोपीय महासंघाची अशाच मालावरची बंदी डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. आपल्या साखर कारखान्यांतही ‘बोन्सुक्रो’सारखी, ऊस-साखर धंद्यात कामगार आणि पर्यावरणाचे निकष पाळल्याची ऐच्छिक प्रमाणपत्रे आली आहेत. पण तपासनीस येऊन बघतात काय?

कारखान्यात हजेरीपत्रक, पीएफ, हेल्मेट सगळे जागच्या जागी असते. ऊस तोडणारा त्या हजेरीपत्रकावर नसतोच. तो मुकादमाचा, म्हणजे तोडणीची टोळी जमवून आणणाऱ्या ठेकेदाराचा, माणूस. आमच्या बीड जिल्ह्यात हंगामाआधी नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल (आगाऊ रक्कम) मिळते. ती फिटेपर्यंत फड सोडायची सोय नाही. तापाने एक दिवस पडून राहिले की मुकादमाच्या वहीत खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, चढतो. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेब मुकादमच सांगतो, आणि बाकी निघाली की पुढचे सालही बांधलेले. खाडे टाळायला कित्येक बायकांनी गर्भाशय काढून घेतले, हे २०१९ च्या सरकारी समितीपुढे आलेच होते. २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तेच छापले तेव्हा परदेशी खरेदीदारांची धावपळ झाली. (घरची बातमी बाहेरून आली की तिला वजन येते!)

उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणे १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. ऐच्छिक योजनांना माझा विरोध नाही. पण अमेरिकेत त्यांच्यामागे माल अडवणारे कलम उभे आहे. इथे प्रमाणपत्र गेले तरी गाळप सुरूच राहते. म्हणून साखर आयुक्तांनी गाळप परवाना देतानाच प्रत्येक कोयत्याची उचल, तोडलेले टन आणि कपात यांची लेखी पावती कारखान्याकडून मागावी. मुकादमाशी करार कारखानाच करतो, तेव्हा ‘ते आमचे कामगार नाहीत’ ही सबब चालू देऊ नये. खरेदीदारांच्या तपासनिसांनीही विश्रामगृहातला पाहुणचार आटोपता घेऊन तोडणी कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जावे, मुकादमाला बरोबर न घेता.

आणि एक. उचल जोडीची असली तरी अंगठा सहसा नवऱ्याचाच उठतो. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणाऱ्या बाईचे नाव त्या पावतीवर वेगळे असावे, आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्याच खात्यात जमा व्हावेत.

— एक वाचक, केज (जि. बीड)