गॅस संपत नाही, गळतो

संपादक महोदय,

एसी नीट थंड करेनासा झाला की ‘गॅस संपलाय, भरून टाकू’ असे सर्रास सांगितले जाते. हे थांबायला हवे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहेच, बहुधा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी किंवा कॉइलच्या, म्हणजे गॅस फिरतो त्या वेटोळ्या नळीच्या, बारीक छिद्रातून. तेलकट डाग दिसेल तिथे साबणाचा फेस लावावा, बुडबुडे जागा दाखवतात. गळती बुजवल्यावर नायट्रोजनने दाबचाचणी, मग व्हॅक्यूम पंपाने हवा व ओल काढणे आणि शेवटी नेमप्लेटवरच्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणे, हा क्रम ग्राहकाने आग्रहाने मागावा. जास्त गॅसनेही थंडावा घटतो.

मुळात बऱ्याचदा गॅसचा संबंधच नसतो. फिल्टर तुंबला की हवा कमी वाहते आणि कॉइलवर बर्फ धरतो. तो खरवडू नये, नुसता पंखा चालवून वितळू द्यावा. वापराच्या दिवसांत फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवावा. बाहेरच्या युनिटची जाळी धुळीने भरली किंवा समोर अडगळ असली, तर उष्णता बाहेर पडणार कशी? तिथला पंखा फिरतो पण गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर सुरू होत नाही, तेव्हा आधी कपॅसिटर (मोटार सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) तपासून घ्यावा. वीज बंद केल्यावरही त्यात विजेचा भार राहतो, म्हणून घरच्यांनी हात लावू नये.

एसी सुरू करून पंधरा मिनिटांनी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. साधा थर्मामीटर पुरतो.

– एक वातानुकूलन तंत्रज्ञ