वाळूवरचं गवत

अलायन्स, नेब्रास्का
जून, रात्रीचे दहा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आज फोन न करता पत्रच लिहायला बसलोय. दिवसभर गाडीत मनातल्या मनात तुझ्याशीच बोलत होतो, ते कागदावर उतरवल्याशिवाय झोप यायची नाही. आधी आईंची तब्येत कशी आहे ते कळव. प्लास्टर निघालं का? त्यांना तशा अवस्थेत सोडून तू आला नाहीस ते योग्यच केलंस. पण आज शेजारची रिकामी सीट फार खुपली रे, कारण आजचा रस्ता तुझा होता.

सगळ्यांनी सांगितलं होतं, नेब्रास्कात बघण्यासारखं काही नाही, आय-८० महामार्ग धरा आणि एका दमात राज्य पार करा. मी ग्रँड आयलंडला तो महामार्ग सोडला आणि वायव्येला जाणारा राज्य मार्ग २ धरला. अलायन्सपर्यंत साधारण साडेचारशे किलोमीटर. दोन पदरी रस्ता, बाजूनं रेल्वेचे रूळ, आणि वर एवढं आभाळ की पहिला तासभर मी गाडी चालवता चालवता थोडा वाकून वरच बघत होतो.

सुरुवातीला मका. हाताच्या पंजाएवढी रोपं, सरळ ओळी, आणि त्यांच्यावरून घड्याळाच्या काट्यासारखे अगदी संथ फिरणारे चाकांवरचे लांबलचक पाइप. एका टोकाला खिळलेले, म्हणून शेत चौकोनी असलं तरी ओलित गोल. फ्रँक झायबाक नावाच्या शेतकऱ्याला १९५२ साली या यंत्राचं पेटंट मिळालं. विमानातून दिसणारी ती हिरवी वर्तुळं आठवतात? ती हीच. ते सगळं पाणी जमिनीखालचं. त्याच्याबद्दल पुढं लिहितो, कारण दिवसाच्या शेवटी मी पुन्हा त्या पाण्यापाशीच येऊन थांबलो.

ब्रोकन बोला थांबून टाकी भरून घेतली. पुढं पंप लांब लांब आहेत, असं सगळ्यांनी बजावलं होतं. हा कस्टर परगणा. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन मिळते म्हणून माणसं इथं आली, तेव्हा घर बांधायला लाकूड नव्हतं, दगडही नव्हता. मग त्यांनी गवताळ जमिनीचाच वरचा थर नांगरानं पट्ट्यापट्ट्यांनी काढला, कुदळीनं तोडून त्याच्या विटा केल्या आणि एकावर एक रचून भिंती उभ्या केल्या. मुळं इतकी दाट की माती सुटत नसे. सॉलोमन बुचर नावाच्या छायाचित्रकारानं १८८६पासून या घरांचे फोटो काढले. त्यांत कुटुंबं घरासमोर खुर्च्या टाकून बसलेली असतात, घोडे, गाई, कधी घरातलं सामानसुद्धा बाहेर मांडलेलं. एका फोटोतल्या बाईच्या चेहऱ्याकडे मी बराच वेळ बघत राहिलो. तिच्यामागची भिंत गवताची होती, आणि त्या भिंतीवर तिचा विश्वास असल्यासारखी ती ताठ बसली होती.

आन्सेल्मो सोडल्यावर शंभरावं पश्चिम रेखावृत्त ओलांडलं. त्याची पाटी मला कुठं दिसली नाही. जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञानं १८७८च्या अहवालात सांगून ठेवलं होतं की साधारण या रेषेच्या पश्चिमेला पावसावर शेती होणार नाही, पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आत येतो. त्याचं कुणी ऐकलं नाही. ते आठवेपर्यंत मका संपलाही होता. एका चढावर गाडी आली आणि समोर फक्त गवत. डावीकडे, उजवीकडे, थेट आभाळाला टेकेपर्यंत.

या भागाला सँडहिल्स म्हणतात. सपाट मैदान म्हणून निघालो होतो, पण ही जमीन लाटांची आहे. साधारण पन्नास हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या वाळूच्या टेकड्या, काही १२० मीटरपर्यंत उंच, आणि सगळ्यांवर गवताचं एक पातळ पांघरूण. पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा सगळ्यात मोठा प्रदेश म्हणतात याला. रंग एकच आहे असं पहिल्यांदा वाटतं. मग डोळा सरावतो. उताराच्या तळाशी गडद हिरवा, वर करडा-हिरवा, मधेच गेल्या वर्षीच्या वाळलेल्या काड्यांची तांबूस झाक, आणि या सगळ्यावरून ढगांच्या सावल्या सरकत जातात. एक सावली माझ्या पुढं धावत होती. तिला गाठायला मला दहा मिनिटं लागली असतील.

हॅल्सीजवळ एकदम झाडं लागली. माणसांनी हातानं लावलेलं पाइनचं जंगल, १९०२पासूनचं, तिथली सरकारी रोपवाटिका अजून चालू आहे. मी थांबलो नाही. मला गवत बघायचं होतं. सेनेका सोडल्यावर मलनच्या अलीकडे घड्याळ एक तास मागं गेलं. तो आयता मिळालेला तास मी कसा घालवला, तेच तुला सांगायचंय.

मलनच्या पुढं रस्त्याकडेला पवनचक्की दिसली, तिच्या पायाशी गुरांसाठी गोल लोखंडी हौद. चक्कीचा दांडा खालीवर होत होता आणि दर फेरीला नळीतून मुठीएवढं पाणी हौदात पडत होतं. गाडी बाजूला घेऊन काटेरी तारेपाशी उभा राहिलो. पिवळ्या छातीचा एक मेडोलार्क तारेच्या खांबावर बसून गात होता. हा या राज्याचा राज्यपक्षी. तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उतरले, गाडी बंद पडली का म्हणून विचारायला. इथली ही रीतच आहे. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो, आणि कुणी थांबलेला दिसला तर स्वतः थांबतो. मी म्हटलं, गाडी बरी आहे, गवत बघतोय. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग फाटकाची साखळी काढली आणि म्हणाले, या.

कुरण त्यांचंच. आजोबांपासूनचं. १९०४ साली किंकेड कायदा झाला, १६० एकरांवर इथं पोट भरत नाही हे सरकारला पटलं, आणि माणशी ६४० एकर दिले. त्यावरही बहुतेकांचं भागलं नाही. काहींनी नांगर घातला, वरचं गवत फाटलं, वारा आत शिरला, वाळू उडाली, आणि ते कुटुंबासकट निघून गेले. जे नांगर न घालता गुरं चारत राहिले ते टिकले. यांच्याकडे एका गाय-वासरामागे वर्षाला पंधरा-वीस एकर लागतात. आज इथली बहुतेक जमीन कधीच नांगर न लागलेली आहे.

टेकडीमागं त्यांनी मला एक जागा दाखवली. उतारावर गवत तुटलेलं, आणि तिथं मोठ्या खोलीएवढा उघडा खड्डा, पांढरट पिवळ्या वाळूचा. यांच्या भाषेत ब्लोआउट. गुरांच्या एखाद्या पायवाटेनं सुरू होतं म्हणे. वाट खोल होते, वारा तिथं तोंड घालतो, आणि मग दर वर्षी खड्डा वाढत जातो. त्यांनी त्यात जुने टायर आणि कुजकं गवत टाकून ठेवलं होतं. वाऱ्याचा जोर मोडला की बी धरतं. खड्ड्याच्या काठावर मी गुडघे टेकून बसलो. काठ सुरीनं कापल्यासारखा होता, आणि त्यात गवताचं पोट दिसत होतं. वर वीतभर हिरवं, आणि खाली माझ्या हातभर खोलपर्यंत केसांसारखी मुळं, प्रत्येक मुळाला वाळूचे कण चिकटलेले. मूठभर वाळू उचलली तर ती बोटांतून पाण्यासारखी निसटली. दोन इंच खाली बोट घातलं तर गार आणि ओलं. तुला कुरणांबद्दल तासन्‌तास बोलताना मी ऐकलंय, पण मुळं जमीन धरून ठेवतात म्हणजे नेमकं काय, ते आज माझ्या हाताला कळलं.

ते म्हणाले, हजारेक वर्षांपूर्वी मोठे दुष्काळ पडले तेव्हा या टेकड्या चालत होत्या. हे अभ्यासकांनीही सिद्ध केलंय. म्हणजे पायाखाली जे स्थिर वाटतं ते स्थिर नाहीच, फक्त धरून ठेवलेलं आहे.

आणि मग त्यांनी एक फूल सांगितलं. ब्लोआउट पेन्स्टेमन. फिकं जांभळं, सुवासिक, आणि उगवतं फक्त अशा उघड्या वाळूत. गवत परत आलं की ते हटतं. वणवे विझवले, चराई सुधारली, खड्डे बुजवले, आणि फुलाला जागाच उरली नाही. १९४०पर्यंत ते नामशेष झालं असं धरून चालले होते, १९६८मधे पुन्हा सापडलं, १९८७मधे धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत गेलं. त्यांनी ते आयुष्यात एकदाच पाहिलंय. मी विचारलं, मग हा खड्डा बुजवावा की ठेवावा? ते टायरकडे बघत राहिले. म्हणाले, हाच विचार मी रोज करतो. मित्रा, या प्रश्नावर तुझं मत मला हवंय. अगदी सविस्तर लिही.

आम्ही उभे असतानाच पाऊस आला. पश्चिमेकडून त्याची करडी झालर अर्धा तास आधीपासून दिसत होती. पंधरा मिनिटं चांगला बदाबदा कोसळला. आम्ही पिकअपमधे बसून बघत होतो. थांबल्यावर मी खाली उतरून ओहोळ शोधला, डबकं शोधलं. कुठंच काही नाही. सगळं पाणी वाळूनं जागच्या जागी पिऊन टाकलं होतं. सकाळच्या त्या गोल शेतांना पाणी पुरवणारा जमिनीखालचा प्रचंड जलसाठा याच वाळूतून भरतो. टेक्सासपासून साउथ डाकोटापर्यंत पसरलेला हा साठा दक्षिणेकडे उपसून उपसून खूप खाली गेलाय, आणि त्यात उरलेल्या पाण्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या नेब्रास्काच्या पोटात आहे. मघापासून रस्त्याच्या सोबतीनं चाललेली मिडल लूप नदी उन्हाळ्यातही एका पातळीत का वाहते, ते मला तेव्हा समजलं. तिला झरे आहेत.

निघताना त्यांचा हात बराच वेळ हातात होता. नाव विचारायचं राहून गेलं.

पुढचा रस्ता तळ्यांचा. टेकड्यांमधला खोलगट भाग भूजलाच्या पातळीखाली गेला की तिथं आपोआप तळं होतं. हायॅनिसच्या पुढची तळी खारी आहेत, कारण पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीचं खताला लागणारं पोटॅश यायचं बंद झालं तेव्हा लोकांनी या तळ्यांचं पाणी आटवून पोटॅश काढलं. अँटिऑकला कारखाने उभे राहिले, गाव भराभर वाढलं, युद्ध संपलं आणि १९२१च्या सुमाराला सगळं बंद पडलं. आता रस्त्याकडेला काँक्रीटचे खांब आणि पडक्या भिंती उरल्यात. संध्याकाळच्या उन्हात त्यांच्या फटींतून गवत वर आलेलं दिसत होतं. रुळांवरून कोळशाची मालगाडी गेली, दोन किलोमीटर तरी लांब असेल. ती गेल्यावर इतकं शांत झालं की गवताचा आवाज ऐकू आला.

आता खोलीवर आहे. बूट काढले तेव्हा मोजे कुसळांनी भरलेले होते. इथल्या लोकांनी या गवताला सुई-दोरा नाव दिलंय, आणि ते तंतोतंत आहे. टोकाला धारदार बी, मागं वीतभर लांब पीळ पडलेला दोरा. तुला बी पोस्टानं पाठवता येत नाही, म्हणून मागच्या पानावर चित्र काढलंय. टेबलावर एक कुसळ ठेवून त्यावर ग्लासातलं थेंबभर पाणी टाकलं. ते हळूहळू वळायला लागलं रे. पीळ सुटत चाललाय आणि बी गोल फिरत टेबलाच्या लाकडात शिरायला बघतंय. एक ओळ लिहितो आणि थांबून बघतो. अजून फिरतंय.

आईंना नमस्कार सांग. पत्राची वाट बघतो.

तुझाच